दाब, धर, सोड

"दाब," इद्वल गाडीखालून म्हणतो.
मी दाबते.
"धर."
धरते.
पाना पाव वळसा फिरतो,
पेडल माझ्या पायाखाली हळूहळू खचतं,
तो "सोड" म्हणेपर्यंत सोडायचं नाही.
एवढंच माझं काम.

मांडीवर शब्दकोडं, सतरा आडवं रिकामं.
अँगलसीचा वारा गॅरेजच्या दाराला
खांदा लावून उभा.

आधी मागचं डावं चाक,
सगळ्यात लांबचं आधी, असा नियम आहे म्हणे.
डाव्या आरशात मला बाटली दिसते.
नळीतून जुनं ब्रेक ऑइल उतरतंय,
फार उकळलेल्या चहाच्या रंगाचं,
आणि त्यात बुडबुडे.

बुडबुडे मला कळतात.
एकतीस वर्षं गावोगाव फिरणारी नर्स होते मी,
सलाइनच्या नळीला टिचकी मारून
हवा वर धाडली की मगच सुई.
"अजून एक आहे," मी सांगते.
"नाही आता," तो म्हणतो.
असतो.

मागच्या जूनमध्ये, सातव्या फेरीत,
समुद्राकडे धावणाऱ्या सरळ पट्ट्याच्या टोकाला
हेच पेडल लोण्यात सुरी जावी तसं तळाशी गेलं.
ऑइल उकळलं होतं.
गाडी खडीत रुतली,
मेंढ्यांच्या कुंपणाच्या दोन हात अलीकडे.
घरी येऊन म्हणाला, आज वारा फार होता.
खडे मला नंतर सापडले, बुटात, खिशात,
आणि बुधवारी वॉशिंग मशीनमध्ये.

मग कॅटलॉग आला. पिवळे कॅलिपर, सहा पिस्टनचे,
किंमत स्वयंपाकघराच्या नव्या छपराएवढी.
मी काही बोलले नाही.
बादली तेवढी गळतीखाली नीट सरकवली.
दोन दिवसांनी तोच म्हणाला,
"वर्षातून चारदा तर जातो.
पॅड बदलू, ऑइल बदलू,
रबराच्या नळ्या काढून स्टीलच्या जाळीच्या घालू. पुरे."
आणि डिस्कला वारा लागावा म्हणून
एक जाड, लवचीक नळी,
जी परवापर्यंत माझ्या कपडे वाळवायच्या यंत्रामागे होती.
तेव्हापासून चादरी बाहेर दोरीवर वाळतात,
खारट, पापडासारख्या कडक.

मी विचारलं होतं,
जोरात जायचंय तर पैसे थांबण्यावर का?
"जो उशिरा ब्रेक दाबतो तो पुढे जातो."
आमच्याकडेही उशिरा येणारे पुढेच जायचे, म्हटलं,
मागच्या दाराने.
तो हसला नाही. मग दोन मिनिटांनी हसला,
गाडीखाली, एकटाच.

रविवारी मी शेजारी बसले.
उसनं हेल्मेट, आत कुणाच्या तरी शांपूचा वास.
सरळ पट्टा. समुद्र मोठा होत गेला.
दोनशेची पाटी गेली.
शंभरची पाटी आली आणि तो अजून
काहीच करत नव्हता.
माझ्या बाजूला पेडल नाही.
तरी मी दाबलं.
धरलं.
पट्टा गळ्याजवळच्या हाडात रुतला,
गाडीने नाक खाली घातलं,
समुद्र होता तिथेच राहिला, आम्ही वळलो.
कुणी "सोड" म्हणालं नाही,
म्हणून पुढच्या अकरा फेऱ्या मी धरूनच होते.

तापलेल्या डिस्कवर हँडब्रेक लावायचा नाही,
म्हणून चाकाखाली पाटीच्या दगडाची पाचर.
लोखंड निवताना टिकटिक करत होतं.
इद्वलने हात जवळ नेला, लावला नाही,
ताप बघतात तसा.

परतताना चॅपलच्या वळणावर
थंड पॅड असे किंचाळले
की दफनाहून निघालेली सगळी माणसं वळली.
मी खिडकीतून हात केला.
त्यातल्या निम्म्यांना मी टोचलेलं आहे.